पंक्चरवाल्याचं घमेलं

दिवसा मी कृषी केंद्राच्या काउंटरवर असतो आणि हिवाळ्यात रात्री टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये अंपायरिंग करतो. एका सामन्याचे तीनशे रुपये, दोन चहा आणि शिव्या. बारा वर्षांत शिव्यांची सवय झाली. पण दारव्ह्याकडच्या एका गावातली जानेवारीतली ती रात्र अजून डोक्यातून जात नाही.

आता आमच्याकडच्या गावागावांतही ‘प्रीमियर लीग’ झाल्या आहेत. खेळाडूंचा लिलाव होतो, टीमला मालक असतो, मालकाच्या फोटोची जर्सी असते. मालक म्हणजे कोणी ठेकेदार, कोणी जिनिंगवाला, कोणी येत्या निवडणुकीचा उमेदवार. इथे पहिलं बक्षीस एकतीस हजार होतं. मैदान म्हणजे कापणी झालेलं सोयाबीनचं वावर, रोलर फिरवलेलं. एका बाजूला मंडप आणि जनरेटर, दुसऱ्या बाजूला बाउंड्रीला लागूनच उभी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. तिकडे सिक्स गेला की बॉल शोधायला एक बारा-तेरा वर्षांचा पोट्टा ठेवला होता, हातात मोबाईलचा टॉर्च घेऊन.

आठ ओव्हरचा सामना. पहिल्या टीमनं ७१ केले. दुसरीनं पाच ओव्हरमध्येच ५२ केले. तीन ओव्हरमध्ये वीस हवे, हातात सात विकेट. मंडपातली माणसं उठून शेकोटीकडे जायला लागली होती. पाचव्या ओव्हरचा शेवटचा बॉल पऱ्हाटीत गेला, पोट्ट्यानं तो शोधून आणला, आणि त्यानंतर खेळच पालटला. सहाव्या ओव्हरमध्ये तीन रन. सातव्यातही तीनच. जो पोरगा मघापर्यंत उचलून मारत होता, त्याचे फटके शॉर्ट मिडविकेटला जाऊन पडत होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, बॉल उठूनच नाही रायला.”

मी बॉल हातात घेतला. खांद्याच्या उंचीवरून खाली सोडला, तर गुडघ्यापर्यंतही आला नाही. बॉलिंग टीमचा कॅप्टन लगेच धावत आला. “थंडीनं होते सर तसं. दव पाहा किती पडून रायलं.”

खरं सांगायचं तर तो साफ खोटं बोलत नव्हता. थंडीत टेनिस बॉलमधली हवा आकसते, रबर कडक होतं, उसळी कमी होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये नेमका हाच वाद झाला होता. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या टीमच्या बॉलमध्ये हवा कमी निघाली. नियमाप्रमाणे दाब साडेबारा ते साडेतेरा पौंड हवा होता, आणि मध्यंतरात मोजलेले त्यांचे अकराच्या अकरा बॉल त्याखाली भरले. त्यातली किती हवा थंडीनं घटली आणि किती माणसानं काढली, यावर शास्त्रज्ञ आणि वकील महिनोन्महिने भांडले. मी तर वावरात उभा होतो. माझ्याकडे दाब मोजायचं यंत्र नव्हतं, कॅमेरा नव्हता.

आणि पुराव्याशिवाय बोट दाखवायची मला भीती वाटते. २००६ मध्ये लंडनच्या ओव्हलला अंपायर डॅरेल हेअरनं पाकिस्तानवर बॉल खराब केल्याचा ठपका ठेवून इंग्लंडला पाच रन दिले. चहानंतर पाकिस्तानची टीम निषेध म्हणून वेळेवर मैदानात आली नाही, आणि सामना इंग्लंडला बहाल झाला. पुढे चौकशीत त्यांचा कॅप्टन इंझमाम बॉलच्या आरोपातून सुटला. शिक्षा झाली ती खेळाची बदनामी केल्याबद्दल. त्या सामन्याचा निकालसुद्धा २००८ मध्ये ‘अनिर्णित’ करून २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडच्या नावावर फिरवला. तिथे एवढे कायदे जाणणारे लोक असून ही गत. इथे तर दोन्ही बाजूंची शंभर-शंभर माणसं काठावर बसलेली, आणि माझी मोटरसायकल मंडपामागे अंधारात उभी.

मला आठवलं, फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं टुर्नामेंटमुळे दुकान उघडं ठेवलं होतं. त्याला घमेल्यासकट बोलावलं. तो आला, वर विचारलं, “ट्यूब कुठी हाय?” मी त्याच्या हातात बॉल दिला. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

मंडपाच्या हॅलोजनखाली घमेलं ठेवलं. काळं पाणी, भोवती पन्नास डोकी. आधी पेटीतला न वापरलेला बॉल बुडवून दाबला. त्याच्या केसांमध्ये अडकलेली हवा बारीक फेसासारखी चहूकडून निघाली आणि थांबली. मग संशयातला बॉल. त्यालाही तसाच फेस आला. कॅप्टन हसला. पंक्चरवाला मात्र हात न काढता म्हणाला, “थांबा ना बावा.” त्यानं बॉल हळूहळू फिरवत दाबला आणि एका जागेवरून बुडबुड्यांची सरळ रेघ वर आली. सुईच्या टोकाएवढ्या जागेतून, एकामागे एक. त्यानं सवयीनं तिथे अंगठा ठेवला आणि खिशात पेन शोधायला लागला, खूण करायला.

शांतता अशी झाली की जनरेटरचा आवाज मोठा वाटायला लागला. मग सगळे एकदम त्या पोट्ट्याकडे धावले. कोणीतरी त्याची कॉलर धरली, एकानं थोबाडीत दिली. मी मध्ये पडलो. तो रडत म्हणाला, “मले दादानं देल्ला होता. पऱ्हाटीतला तुह्यापाशी ठेव अन् हा दे म्हणे. पन्नास रुपये देतो म्हणे.” दादा म्हणजे कॅप्टन. खरा बॉल पोट्ट्याच्या स्वेटरमध्येच निघाला. बॉल टोचला होता गुरांच्या इंजेक्शनच्या सुईनं, हेही नंतर कळलं.

नियमाप्रमाणे मी बॉल बदलला आणि बॅटिंग टीमला पाच रन दिले. क्रिकेटच्या कायद्यात एवढंच आहे, वर कॅप्टनची तक्रार. ५८ चे ६३ झाले. शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ हवे होते. पोरांनी सात काढले.

म्हणजे ज्यांनी बॉल टोचला ते एका रननं जिंकले. त्यांच्या टीमनं फटाकेही फोडले, हे विशेष. मेलेल्या बॉलवर वाया गेलेल्या दोन ओव्हर कोणत्या पाच रननी भरून येतात?

रात्री साडेबाराला मंडपात कमिटी बसली. नियमांचं एक छापील पान होतं, त्यात ‘अंपायरचा निर्णय अंतिम राहील’ आणि ‘दारू पिऊन खेळता येणार नाही’ एवढंच कामाचं. त्या कॅप्टनच्या टीमच्या मालकानं खिशात हात घातला. “पाच हजार दंड घ्या भाऊ, अन् विषय संपवा. त्या पोट्ट्याले उद्यापासून मैदानात नका येऊ देऊ.” दोन-चार माना हलल्याही.

इथे माझा तोल गेला. केपटाऊनचं सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलं होतं, मार्च २०१८ चं. सँडपेपर कोणाच्या हातात सापडला? ऑस्ट्रेलियाकडून आठवी कसोटी खेळणाऱ्या बँक्रॉफ्टच्या. सांगणारा व्हाइस-कॅप्टन वॉर्नर, माहीत असून गप्प बसणारा कॅप्टन स्मिथ. आयसीसीनं स्मिथला एक कसोटी बंदी दिली, बँक्रॉफ्टला तर तीही नाही, मॅच फीचा पाऊण हिस्सा कापला बस. त्यांच्याच बोर्डानं मग वरच्या दोघांना बारा-बारा महिने आणि हात मळलेल्या पोराला नऊ महिने बाहेर बसवलं. ही उतरंड मला पटते. पॅट्रियट्सकडेही बॉल सांभाळणाऱ्या दोन कामगारांना क्लबनंच आधी बिनपगारी घरी बसवलं होतं. लीगनं क्लबला दहा लाख डॉलर दंड केला, नव्या खेळाडूंच्या निवडीतली पहिल्या आणि चौथ्या फेरीची संधी काढून घेतली, त्यांचा स्टार खेळाडू टॉम ब्रेडीला चार सामने बाहेर ठेवलं. कोर्टकचेऱ्या होऊन तो ते चार सामने २०१६ मध्ये बाहेर बसला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तीच टीम चॅम्पियन झाली. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला दंड म्हणजे टोलनाका. पावती फाडायची आणि पुढे जायचं.

हे सगळं मी एवढं नीट अर्थातच बोललो नाही. आवाज चढला होता. म्हणालो, “पैसे नका घेऊ. सामना काढून घ्या, कॅप्टनले बाहेर बसवा, अन् पोट्ट्याचं काम तसंच राहू द्या. सुई काही त्यानं आणली नव्हती.” आमच्या धंद्यातही असंच असतं, बोगस बियाणं निघालं की शेतकरी आधी माझ्यासारख्या काउंटरवाल्याची गचांडी धरतो, म्हणून जरा जास्तच लागलं असेल.

कमिटीनं अर्धं ऐकलं. सामन्याचे पॉइंट काढले, कॅप्टनला एक सामना बाहेर, आणि पाच हजारही घेतले. मंडपवाल्याचं बिल बाकी होतं. पोट्टा राहिला.

चार दिवसांनी तो कॅप्टन कृषी केंद्रात आला. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं औषध हवं होतं. बराच वेळ पंपांचे नोझल हाताळत उभा राहिला, मग म्हणाला, “सर, नियमात लिहेल नव्हतं ना पण.”

मी बियाणे कंपनीच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्याच्यासमोर ठेवलं, पेन दिला. “तूच लिही. पुढच्या वर्षी छापाले देतो.”

त्यानं लिहिलं, ‘बॉल किंवा बॅटमध्ये गडबड केल्यास कॅप्टन जबाबदार.’ मग थांबला. “किती सामने लिहू?”

“तुले वाटते तेवढे.”

त्यानं ‘दोन’ लिहिलं. खोडलं. ‘पूर्ण टुर्नामेंट’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, ‘एक वर्ष कोणत्याच गावात खेळू देऊ नये,’ आणि पान माझ्याकडे सरकवलं.

मग औषधाची बाटली उचलली आणि पैसे खात्यावर लिहायला सांगितले.