कुतच्या वेढ्यातलं पीठ

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या ११७व्या मराठा पलटणीत शिपाई होते. खंदकांची लढाई म्हटलं की सगळ्यांना फ्रान्स आठवतो, पण आमच्या घरात ती आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात झाली. ७ डिसेंबर १९१५ला तुर्कांनी तिथल्या इंग्रजांच्या फौजेला वेढा घातला आणि तो जवळजवळ पाच महिने चालला. जानेवारीत पाऊस आणि नदीचा पूर एकदमच आले, पुढचे खंदक पाण्याखाली गेले आणि सोडून द्यावे लागले. त्या कडाक्याच्या थंडीत ओल्या कपड्यांनी रात्र काढायची म्हणजे काय, हे पणजोबांनी आजीला फार सांगितलं नाही. भुकेचं मात्र सांगत.

याचसाठी मला कुतमधल्या फौजेचा इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंड याचा राग येतो. धान्य थोडेच दिवस पुरेल, असं त्याने वेढा फोडायला येणाऱ्या इंग्रजांच्या दुसऱ्या फौजेला कळवलं. ती फौज तयारी पुरी होण्याआधीच निघाली. शेख साद, वादी, हन्ना : जानेवारीतल्या या तीन लढायांत मिळून आठ हजारांहून जास्त माणसं ठार-जखमी झाली. त्यानंतर कुतमधल्या घरांची झडती घेतली, तेव्हा धान्याचे साठे निघाले आणि आपण ८४ दिवस टिकू शकतो, असा निरोप गेला. ही झडती डिसेंबरात का घेतली नाही? शिपायाला आपल्या वाट्याचं पीठ किती ते ठाऊक असतं, सेनापतीला कोठाराचं ठाऊक नको?

पुढे शिधा घटत गेला. घोडे कापायला लागले. आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस खाल्लं नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरीही बरेच जण ते खायला तयार झाले नाहीत. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. मग माणसं रानातला पाला खुडून शिजवायला लागली, आणि त्यातला काही विषारी निघाला.

२९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. पणजोबा वाचले.

आजी सांगायची, पावसाळ्यात टाकळा उगवला की बायका परडी घेऊन निघायच्या. परत आल्या की पणजोबा पडवीत बसून परडीतलं एकेक पान उलटंसुलटं करून बघत. ओळखीचं नसलेलं पान निघालं, तर अख्खी परडी उकिरड्यावर टाकायला लावत.