डाग नाही, पॅनल रंगवायचं

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ या लढाऊ विमानाचा निरोप समारंभ झाला. बाबांनी तो टीव्हीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला आणि मग बराच वेळ गॅलरीत बसून राहिले. त्यांची सगळी नोकरी नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या विमान कारखान्यात झाली. १९६४मध्ये तो कारखाना उभा राहिला तोच मिगसाठी. त्या रात्री मी कपाटातलं मिग-२१ एफएलच्या प्लास्टिक मॉडेलचं किट खाली काढलं. १/७२ मापाचं, म्हणजे वीतभर विमान. बाबांच्या भाषेत ‘टाइप सेव्हंटी-सेव्हन’.

१९७१च्या सुमारास यातल्या काही विमानांवर हिरवा रंग चढवला गेला, पण मला उघड्या पत्र्याचं, चंदेरीच हवं होतं. या रंगाखाली काहीही लपत नाही. आधी चकचकीत काळा हात द्यायचा, तो पूर्ण वाळला की त्यावर एअरब्रशने चांदीचे अगदी विरळ थर. खाली केसाएवढा ओरखडा असला तरी वर तो दिसतो.

शरीर आणि शेपूट छान उतरली. मग पंखावरचं एक पॅनल, म्हणजे खाचांच्या रेषांनी आखलेला एक पत्रा, थोडं गडद करावं म्हणून टेप लावला. माझा नेहमीचा टेप संपला होता, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला जाड पिवळा लावला. काढताना त्याच्याबरोबर नखाएवढी चांदी आली, तिच्याखालचा काळाही आला, आणि मध्ये राखाडी प्लास्टिक उघडं पडलं. टेप चिकट होताच, पण खरं कारण दुसरं. जोडण्याआधी बाकी सगळे भाग मी भांड्यांच्या साबणाने धुतले होते, हे पंख राहून गेले होते. साच्याचा तेलकटपणा प्लास्टिकवर राहिला की रंग धरत नाही.

अशा वेळी हात शिवशिवतो. ब्रश बुडवून तेवढ्या खड्ड्यात चांदी भरावीशी वाटते. तसं मी पूर्वी दोन विमानांवर केलंय, आणि दोन्हीकडे तो ठिपका आजही दिसतो. या वेळी विमान डब्याखाली झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हात लावला नाही.

मग २००० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात एक थेंब साबण, आणि बोटाचं अगदी हलकं वजन. खड्ड्याची कड घासत राहायचं. डोळ्यांवर विसंबू नये, नख फिरवून पाहावं. नख अडकायचं थांबलं की कड मोडली. पंख धुतला, वाळवला, आणि आता प्रश्न असा, की चांदी मारायची कुठपर्यंत? फक्त डागावर फवारलं तर भोवती खरखरीत धुक्यासारखं वर्तुळ उमटतं.

बाबा शेजारी चहा पीत बसले होते. म्हणाले, “अगं, पूर्ण पत्राच बदल ना. ओव्हरहॉलला आलेल्या विमानाचे सगळे पत्रे एका रंगाचे कुठे असायचे? टेलपाइपपाशी तर तापून तापून छटाच बदललेली असायची.”

मी डाग सोडून अख्खं पॅनल धरलं. चारही बाजूंनी टेप अगदी पॅनलच्या रेषेवर लावला. या वेळी तो आधी मनगटावर दोन-तीनदा चिकटवून त्याचा चिकटपणा मारला होता. पुन्हा काळा, दोन दिवसांची सुट्टी, मग चांदीत गडद करड्याचे दोन थेंब. नव्या-जुन्या रंगाची सीमा खाचेत जाऊन बसली. जिथे विमानाचाच सांधा आहे तिथे रंग बदलला तर ती चूक वाटत नाही, दुसरा पत्रा वाटतो. तेव्हापासून कुठलीही दुरुस्ती मी जवळच्या रेषेपर्यंत नेते.

बाकीच्या भानगडी लहान होत्या. नाकाच्या हिरव्या शंकूचा रंग टेपखालून चांदीवर झिरपला. हिरवा अॅक्रिलिक आणि ताजा होता, त्यामुळे मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टूथपिकचं टोक बुडवून हळूहळू उचलला. आइस्क्रीमच्या चमच्यावर तोच थर मारून आधी तपासलं होतं, चांदीला धक्का लागत नाही ना ते. क्षेपणास्त्रांवर पांढरा अॅक्रिलिक गुठळ्यांनी बसला, ती सरळ रात्रभर डेटॉलमध्ये बुडवली. सकाळी रंग जुन्या टूथब्रशने निघतो, पण ब्रशही डेटॉलमध्येच बुडवायचा. पाणी आधी लागलं तर सुटलेल्या रंगाचा डिंक होतो आणि तो खाचांत जाऊन बसतो. सगळा रंग निघाल्यावरच साबण-पाणी.

एकदा मात्र मी लगेच काहीच केलं नाही. परतीच्या पावसात एका दमट संध्याकाळी शेपटीवर लॅकरचा हात दिला आणि ती दुधाळ झाली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. आठवडाभराने कोरडं ऊन पडल्यावर हळू उडणाऱ्या थिनरचा एक ओलसर हात फिरवला आणि तो पांढरेपणा विरघळून गेला.

परवा बाबांनी चष्मा लावून पंख उजेडात धरला. बराच वेळ तिरका करून पाहिला आणि एका पॅनलवर बोट ठेवलं, “हाच ना बदललेला?” त्यांचं बोट शेजारच्या पॅनलवर होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरची काच, अजून बसवायची आहे, ती त्यांच्याच हातून बसवून घेणार आहे.