अठ्ठेचाळीसला एक

मे महिन्यातल्या दुपारी लातुरात शहाणी माणसं कूलरपुढं आडवी झालेली असतात. शेजारचे सर मात्र हॉलच्या फरशीवर ओणवे होऊन आगगाडीचा डबा टेपनं मोजत होते. सर गणित शिकवून निवृत्त झालेले. गाडी नातवाची, लेकीनं अमेरिकेहून आणलेली. नातू केव्हाच झोपला होता.

"पंधरा इंच भरायलाय," सर म्हणाले. "यायला पाहिजे सव्वाएकवीस. फसवलं की हो पोरीला."

फसवलं वगैरे काही नव्हतं. ही ओ स्केलची गाडी, म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका ठरलेल्या मापाची. अमेरिकेत ओ स्केल म्हणजे ४८ ला १, खऱ्याचा अठ्ठेचाळीसावा हिस्सा, आणि त्या हिशेबानं तिकडचा ८५ फुटी प्रवासी डबा सव्वाएकवीस इंचांचा व्हायला हवा, इथवर सरांचं बरोबर होतं. पण एवढा लांब डबा घरातल्या वळणावर घातला की त्याचं पोट आत येतं, कोपरे बाहेर जातात आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला ढुशी बसते. म्हणून खेळणी करणारे डबा आखूड करतात. खिडक्या गुपचूप कमी होतात आणि पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. पंधरा इंची, अठरा इंची, एकवीस इंची, सगळे मिळतात. ज्याचं घर जेवढं, तेवढा त्याचा डबा.

सरांना हे पटणं शक्य नव्हतं. त्यांनी दोन रुळांमधलं अंतर मोजलं. सव्वा इंच. पेपरच्या कडेला गुणाकार झाला, साठ इंच, म्हणजे पाच फूट. आणि तिकडची खरी लाईन चार फूट साडेआठ इंच. "साडेतीन इंच जास्त!" सर जवळजवळ आनंदानं ओरडले. त्यात वीज आणणारा तिसरा रूळ मधोमध. तो तर खऱ्या गाडीला सहसा नसतो.

ही साडेतीन इंचांची खोट तिकडच्या हौशी लोकांनाही छळते. त्यातल्या काहींनी बाजारातले रूळ सोडले, चाकं बदलली आणि जेमतेम तीस मिलिमीटरवर आपलं वेगळं बिऱ्हाड थाटलं. त्याला प्रोटो ४८ म्हणतात. इंग्रजांची तऱ्हा निराळी. ते फुटाला सात मिलिमीटर धरतात, म्हणजे ४३.५ ला १, पण रूळ तेच ३२ मिलिमीटरचे, त्यामुळं त्यांची लाईन खऱ्यापेक्षा अरुंद पडते. डब्याच्या पत्र्यावरचे रिव्हेट मोजणारीही माणसं या छंदात आहेत. लोक त्यांना हसतात. मी हसत नाही, कारण माझंही एक खूळ आहे.

मला मागचा दिवा लागतो.

काका छोट्या गाडीवर गार्ड होते. छोटी गाडी म्हणजे आमची लातूर-कुर्डुवाडी, बार्शी लाईट. मी काडेपेट्यांची गाडी केली होती, सुतळीनं जोडलेली, इंजिनाला दोऱ्याचं रीळ. काका ड्युटीवरून आले, डबा खाली ठेवला, बूट न काढताच उकिडवे बसले. मला वाटलं, शाबासकी मिळणार. त्यांनी शेवटची काडेपेटी उचलून पाहिली आणि म्हणाले, "दिवा कुठंय मागचा? दिवा नाही म्हणजे गाडी अजून यायचीय. अर्धी मागं राहिली असंल तर? मास्तर लाईन क्लिअर देईल का?" मग आईची कुंकवाची डबी मागून काडीच्या टोकानं एक ठिपका लावला आणि जेवायला बसले.

तेव्हापासून कुठल्याही मॉडेलचा फोटो दिसला की मी आधी शेपूट बघतो. इंजिनावरचा आकडा, कपलिंग, आतल्या पडद्यांचा रंग, सगळं बिनचूक असतं आणि मागं काहीच नसतं, ना दिवा ना पाटी. मग माझ्या लेखी ती गाडी वाटेतच कुठंतरी तुटलेली असते.

दुसरी तक्रार रंगाची. मॉडेलवाल्यांचे सगळे डबे एकाच दिवशी रंगवल्यासारखे असतात. आमच्या पॅसेंजरला एक डबा निळा, एक जुना विटकरी, एका डब्यावरचा स्लीपरचा आकडा खरवडून तो जनरलला लावलेला. खरेपणाच पाहिजे तर हे कोण करणार?

छोट्या गाडीची मात्र गंमत आहे. तिची लाईन अडीच फुटांची, म्हणजे बरोबर तीस इंच. आणि तिकडं ओएन३० नावाचा एक पंथच आहे. प्रमाण ४८ ला १, खरी लाईन तीस इंचांची धरायची आणि धाकट्या मापाच्या गाड्यांचे १६.५ मिलिमीटरचे तयार रूळ वापरायचे. काटेकोर हिशेबानं १५.९ पाहिजेत. एवढी तफावत सरसुद्धा सोडून देतील. म्हणजे बार्शी लाईट मापात बसते! १८९७ ची ही लाईन बांधणाऱ्या कॅलथ्रॉपनं पुढं इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही तेवढ्याच रुंदीची लाईन आखली. १९०४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्या इंजिनांना बार्शीकडच्यासारखे हे मोठाले दिवे होते. पुढचे दिवे, पण असो.

रामलिंगच्या घाटात माणसं चालत्या गाडीतून उतरून सीताफळं तोडायची आणि पुन्हा चढायची, असं आमच्याकडं ज्याला-त्याला सांगायची हौस. मी कुणालाही उतरताना पाहिलेलं नाही. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, "माझ्या गाडीतून कोण उतरतंय?"

ती गाडी गेली, लाईन रुंद झाली. त्यावर पुष्कळ हळहळून झालंय, मीही हळहळलोय. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली ती पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, म्हणजे बार्शी लाईटच्याच वाटेनं. छोट्या लाईनला एका आसावर पाच टनांच्या वर भार चालत नव्हता. तिच्यावरून त्या वाघिणी यायच्याच नव्हत्या.

त्या गाडीचं मॉडेल कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. पहिल्या खेपेला १० वाघिणी होत्या आणि पाणी पाच लाख लिटर. आकारमान म्हटलं की ४८ चा घन घ्यावा लागतो, १,१०,५९२. भागून बघितलं. दहाही वाघिणी मिळून साडेचार लिटर होतात. गळती धरली तर चारच.