टोपी कुणाच्या डोक्यावर?

'टोपीवाल्या मुलाच्या कुत्र्याला डब्यात ठेव.' टोपी मुलाची की कुत्र्याची? दोन्ही अर्थ लागतात, कारण पुढच्या नामाला 'ला' लागला की 'टोपीवाला'चंही 'टोपीवाल्या' होतं. 'टोपीवाला मुलाचा कुत्रा' म्हटलं असतं तर घोळच नव्हता. मुलं यातला कोणता अर्थ धरतात हे पाहायला, हे वाक्य घेऊन त्या दिवशी आम्ही बालवाडीत पाच वर्षांच्या मुलांसमोर बसलो होतो.

मूळ प्रयोग इंग्रजीतला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉन ट्रूझवेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला. सूचना होती रुमालावरचा बेडूक डब्यात ठेवायची. इंग्रजीत 'रुमालावर' आणि 'रुमालावरचा' यांत ऐकताना फरक नाही. समोर दोन बेडूक दिसले की मोठी माणसं चटकन रुमालावरच्याकडे वळतात. पाच वर्षांची मुलं बऱ्याचदा बेडूक उचलून दुसऱ्या, रिकाम्या रुमालाकडे नेतात. मराठीत मात्र तो एवढासा 'चा' सगळं फोडून टाकतो. सरळ भाषांतर करून चाललं नसतं, म्हणून टोपी.

मांडण्या दोन. पहिलीत दोन मुलगे, प्रत्येकाजवळ एक कुत्रा, टोपी एकाच मुलाला. दुसरीत मुलगा एकच, बोडका. कुत्रे दोन, त्यांतल्या एकाला टोपी. वाक्य तेच. आधी प्रत्येक खेळण्याचं नाव मुलाकडून वदवून घ्यायचं, आणि मध्ये मध्ये 'ससा चमच्याजवळ ठेव' अशी सरळ वाक्यं पेरायची, नाहीतर पोरं तिसऱ्या फेरीपासून सवयीने डब्याकडेच हात नेतात.

पहिली मांडणी सगळ्यांना सोपी गेली. दुसरीत एक मुलगी थांबली. बोडक्या मुलाकडे पाहिलं, कुत्र्याच्या डोक्यावरची टोपी काढली, मुलाला घातली, आणि मग कुत्रा डब्यात! "ताई, आता झाला ना टोपीवाला." कानावर पहिला पडलेला अर्थ तिने सोडला नाही, खेळणीच त्याला जुळवून घेतली.

चूक आमचीही होती. टोप्या नुसत्या अडकवलेल्या; दुपारी फेव्हिकॉलने चिकटवल्या. शिवाय वाक्य आम्ही तोंडी म्हणत होतो. 'टोपीवाल्या' नंतर श्वासभर थांबलं की उत्तर आपणच दिलं, आणि बोलणाऱ्याची नजर कुत्र्यावर गेली तरी तेच. म्हणून मग एकच ध्वनिमुद्रण वापरलं आणि खेळण्यांच्या बाजूला न बसता मुलांच्या मागे बसलो.

नंतर त्या दुसऱ्या मांडणीआधी एक ओळ जोडली: 'एका कुत्र्याला थंडी वाजत होती, म्हणून त्याला टोपी घातली.' त्याच मुलीने आता बरोबर कुत्रा उचलला. समोर दिसणाऱ्या टोपीपेक्षा आधी ऐकलेली थंडी उपयोगी पडली असावी, पण तोवर टोपी निघतही नव्हती, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हे एवढ्यावरून सांगता येत नाही. दोन्ही बदल एकाच दिवशी करायला नको होते.

नोंदीच्या तक्त्यात 'मुलाची टोपी' आणि 'कुत्र्याची टोपी' असे दोनच रकाने होते. तिच्या सकाळच्या उत्तरासाठी पेनाने तिसरा आखला: 'टोपी हलवली'.