मंडळी वाढवते कोण?

मार्टिन ल्यूथरची परंपरा मानणाऱ्या अमेरिकेतल्या पुराणमतवादी लुथरन मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) गेली काही दशके एक वाद धुमसतो आहे: मंडळीची वाढ माणसाच्या पद्धतीने घडवता येते, की ती देवाच्याच हाती असते? या वादाचा उगम आपल्याकडच्या जातिव्यवस्थेच्या निरीक्षणात आहे. डोनल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ साली मध्य प्रांतातल्या दमोह येथे मिशनरी कुटुंबात झाला. ते लुथरन नव्हते, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या पंथाचे होते. मिशनच्या शाळा-दवाखान्यांवर वर्षानुवर्षे खर्च होऊनही काही ठिकाणी मोजकेच लोक बाप्तिस्मा घेतात, तर काही ठिकाणी एखाद्या जातीची कुटुंबेच्या कुटुंबे एकदम येतात, हे पाहून त्यांनी या फरकाची कारणे शोधायला घेतली. त्यातून १९५५ साली ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ हे पुस्तक आले आणि पुढे १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत (धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेत) त्यांची अध्ययनशाळा उभी राहिली. वंश, भाषा किंवा वर्ग यांचे कुंपण ओलांडावे न लागता ख्रिस्ती होता आले तर लोकांना ते आवडते, हे त्यांचे सर्वांत गाजलेले सूत्र. मंडळीची वाढ मोजता येते, तिची कारणे शोधता येतात आणि त्यानुसार पद्धत बदलता येते, हा त्यामागचा विश्वास.

हा विचार लुथरन मंडळ्यांत शिरला, तो त्यांच्या पडत्या काळात. १८४७ साली स्थापन झालेली मिसुरी सिनॉड ही अशा लुथरन मंडळ्यांची संघटना मुख्यतः जर्मन स्थलांतरितांच्या आणि त्यांच्या मोठ्या कुटुंबांच्या बळावर वाढली होती. १९७०च्या सुमारास सुमारे २८ लाखांवर पोहोचलेली तिची सभासदसंख्या नंतर उतरत गेली आणि आज वीस लाखांच्याही खाली आहे. रिकामी होत जाणारी बाके रोज पाहणाऱ्या पाळकांची नजर शिकागोजवळच्या विलो क्रीकसारख्या भरगच्च मंडळ्यांकडे वळली, यात नवल नाही.

अडचण होती ती लुथरन विश्वासपत्रांची, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यांची. १५३०च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्राचे पाचवे कलम सांगते की सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) आणि बाप्तिस्म्यासारखे संस्कार या साधनांद्वारे पवित्र आत्मा दिला जातो आणि तो देवाला जेथे व जेव्हा योग्य वाटेल तेथे व तेव्हा, सुवार्ता ऐकणाऱ्यांमध्ये विश्वास निर्माण करतो. ‘जेथे व जेव्हा’ हे देवाच्या हाती असेल, तर पद्धत बरोबर असल्यास वाढ होणारच, आणि वाढ होत नसेल तर पद्धत चुकली असली पाहिजे, हे म्हणणे कुठे बसवायचे? माझ्या मते वादाची खरी गाठ इथे आहे. गिटार की ऑर्गन हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे.

नव्या पद्धतींच्या समर्थकांकडेही उत्तर होते. मानवी रूढी सर्वत्र सारख्या असण्याची गरज नाही, असे त्याच विश्वासपत्राचे सातवे कलम म्हणते. १९८८ साली डेव्हिड ल्यूक यांनी ‘इव्हँजेलिकल स्टाइल अँड लुथरन सब्स्टन्स’ या पुस्तकात शैली इव्हँजेलिकल आणि आशय लुथरन असू शकतो, अशी बाजू मांडली. ऐकायला हे सरळ वाटते, पण प्रभुभोजनापाशी, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीपाशी, ते अडते. मिसुरी सिनॉडच्या शिकवणीनुसार प्रभुभोजन शिकवणीत एकमत असलेल्यांसाठीच असते. त्यामुळे रविवारी बहुतांश नवखे पाहुणे यावेत अशी उपासना आखली, की ज्या मेजावर त्यांना बोलावता येत नाही ते मेज अवघडल्यासारखे वाटू लागते. मग प्रभुभोजन दुसऱ्या वेळेला ढकलले जाते, पापकबुली आणि क्षमेची घोषणा आटोपशीर होते, आणि कोणी एकही सिद्धान्त नाकारलेला नसताना उपासनेचा गाभा हलतो. उलट शैली आणि आशय एकजीवच असतात, असे म्हणणाऱ्यांनाही मी पूर्ण मान्यता देणार नाही, कारण नारायण वामन टिळकांच्या अभंगांवर वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला सोळाव्या शतकातल्या जर्मन चालींवाचून सुवार्ता अपुरी राहते, हे कोणी पटवून देऊ शकणार नाही.

सिनॉडच्या राजकारणात हा वाद सर्वांत उघडपणे दिसला तो जेराल्ड कीश्निक यांच्या अध्यक्षपदाच्या काळात. २००४ साली ‘अब्लेझ!’ ही मोहीम स्वीकारली गेली: धर्मसुधारणेला पाचशे वर्षे होतील त्या २०१७ सालापर्यंत दहा कोटी लोकांपर्यंत सुवार्ता पोहोचवायची आणि झालेल्या भेटींची नोंद ठेवायची. साक्ष देणे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे काम आहे, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. आक्षेप होता तो मोजणीला. पुढे १८ मार्च २००८ रोजी, ऐन पवित्र सप्ताहातल्या मंगळवारी, सेंट लुईसच्या केएफयूओ या सिनॉडच्या रेडिओ केंद्रावरचा ‘इश्यूज, एट सेटेरा’ हा कार्यक्रम अचानक बंद करण्यात आला. वाढतंत्रावर कठोर टीका करणाऱ्यांचे ते आवडते व्यासपीठ होते. अधिकृत कारण आर्थिक आणि व्यवस्थापकीय होते, पण श्रोत्यांना ते पटले नाही. हजारोंनी निषेधपत्रावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी कार्यक्रम स्वतंत्रपणे पुन्हा सुरू झाला. २०१० साली ह्यूस्टनच्या अधिवेशनात कीश्निक हरले आणि मॅथ्यू हॅरिसन निवडून आले. घसरण मात्र त्यानंतरही थांबलेली नाही, आणि आकडा हे खरेपणाचे प्रमाण नसेल तर ही घसरणही निष्ठेचे प्रमाणपत्र ठरत नाही, हे परंपरावाद्यांनीही ध्यानात ठेवायला हवे.

जातीच्या मुद्द्यावर लुथरन इतिहासही काही निष्कलंक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाइपझिग मिशनचे संचालक कार्ल ग्राउल यांनी तमिळ ख्रिस्ती लोकांमधली जात ही सामाजिक व्यवस्था मानून तिच्याबाबत सबुरीचे धोरण धरले होते, आणि त्यावरून इतर मिशनांशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. अमेरिकेत १९१५ साली अलाबामातल्या रोझा यंग या कृष्णवर्णीय शिक्षिकेने आपली शाळा वाचवण्यासाठी लुथरनांकडे मदत मागितली. त्यातून त्या भागात कितीतरी मंडळ्या आणि शाळा उभ्या राहिल्या, वाढीचे कुठलेही शास्त्र हाताशी नसताना. पण त्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या मंडळ्या म्हणूनच उभ्या राहिल्या, आणि मिसुरी सिनॉडमध्ये आजही शंभरांत नव्वदहून अधिक सभासद गोरे आहेत. मॅकगॅव्हरन यांचे सूत्र सिद्धान्त म्हणून नाकारणाऱ्या पाळकांच्या मंडळ्यांकडे पाहिले, तर त्या सूत्राला याहून चांगले उदाहरण शोधायला दमोहपर्यंत यावे लागत नाही.