तासगावच्या द्राक्षबागेतील वाड्यात मुक्काम

सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागेत मुक्कामाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. नाशिकला वायनरींना जोडून जशी आलिशान निवासस्थाने उभी राहिली आहेत, तशी सोय येथे शोधू नये. पलूसला औद्योगिक विकास महामंडळाचे कृष्णा व्हॅली वाइन पार्क आहे हे खरे, परंतु या जिल्ह्याचे नाव झाले ते खाण्याच्या द्राक्षांमुळे आणि बेदाण्यामुळे. त्यामुळे येथे राहायचे ते शेतकऱ्याच्या घरी, त्याच्या ऐन धांदलीच्या हंगामात आणि बागेतले काम जवळून पाहण्यासाठी. असा मुक्काम मला वायनरीतल्या मुक्कामापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात एका शेतकरी कुटुंबाकडे उतरलो होतो. बागेच्या कडेलाच त्यांचा जुना वाडा आहे. घडीव दगडाचे जोते, सागवानी खांबांचा सोपा म्हणजे पुढची ओसरी, जाड भिंती आणि वर माळवद म्हणजे मातीचे सपाट छत अशी त्याची मूळची बांधणी असून, घरच्यांनी ती बरीचशी तशीच राखली आहे. पाहुण्यांसाठी सोप्यालगतच्या दोन खोल्या दिल्या जातात. स्नानगृह नवे आणि स्वच्छ आहे, पण ते अंगणाच्या पलीकडे आहे, त्यामुळे सोबत वृद्ध मंडळी असतील तर रात्रीच्या अंधाराचा विचार करून बॅटरी जवळ ठेवावी. जाड भिंतींमुळे दुपारच्या उन्हातही खोलीत गारवा टिकतो आणि वातानुकूलन यंत्राची उणीव भासत नाही. पहाटे मात्र या दिवसांत चांगलीच थंडी असते, म्हणून अंगावर घ्यायला काहीतरी उबदार न्यावे.

मुक्कामच करावा असे मी आग्रहाने सांगतो, त्याचे कारण काढणीच्या वेळेत आहे. सकाळी दहा-अकराला पोहोचणाऱ्या माणसाला भरलेले क्रेट तेवढे दिसतात, काढणी दिसत नाही. घडांवर दव असेपर्यंत कात्री लावत नाहीत आणि ऊन चढल्यावर मणी तापतात, म्हणून या दोहोंच्या मधला जो थोडा वेळ मिळतो, त्यातच काढणी करणाऱ्या मजुरांच्या टोळीला काम उरकावे लागते. आम्ही उजाडताच वेली चढवलेल्या मंडपाखाली जाऊन उभे राहिलो, तेव्हा घरातले थोरले, ज्यांना सारे आबा म्हणतात, ते गोडी मोजत होते. एका घडाचा वरचा, एक मधला आणि एक शेंड्याचा असे मणी खुडून त्यांनी रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळला, झाकण दाबले आणि उजेडाकडे तोंड करून डोळ्याला लावले. शेंड्याचे मणी सर्वांत उशिरा गोड होतात, त्यामुळे वरचाच मणी चाखून घड तयार झाला असे मानता येत नाही. त्यांनी यंत्र माझ्या हाती दिले, तेव्हा आत निळ्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर अठरा ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातली गोडी मोजण्याचे एकक) किंचित वर रेघ दिसली. “पावणं, ह्यो घड आज चालंल, पर पलीकडच्या वळीला अजून चार रोज थांबाया लागंल,” असे ते म्हणाले आणि टोळीला त्यांनी त्याप्रमाणे ओळी नेमून दिल्या.

घड कापणाऱ्या बायकांचे हात पाहण्यासारखे असतात. घड देठालाच धरायचा, मण्यांना बोट लागू द्यायचे नाही, कारण मण्यावरचा पांढुरका नैसर्गिक थर पुसला गेला की माल हाताळलेला दिसतो आणि भाव उतरतो. कापल्यावर घड उलटा धरून, फुटका किंवा बारीक राहिलेला मणी बारीक टोकाच्या कात्रीने काढून टाकायचा आणि मगच क्रेटमध्ये ठेवायचा. पाहुण्यांनी या कामात हात घालू नये, विचारल्याशिवाय घड तोडू नये आणि विचारल्याशिवाय खाऊही नये. फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर ठेवावे लागते, आणि कोणत्या ओळीवर शेवटची फवारणी कधी झाली हे घरच्यांनाच ठाऊक असते. त्यांनी दिलेली द्राक्षेही धुऊन खावीत. मुलांना हे निघण्याआधीच समजावून सांगणे बरे.

या तालुक्याशी एका वाणाचे नाव कायमचे जोडलेले आहे. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणातून निवडलेला तास-ए-गणेश हा वाण येथलाच. आमच्या यजमानांकडे त्याच्या जोडीला सोनाका आणि काळ्या द्राक्षांत शरद सीडलेस आहे. तिन्ही एकाच सकाळी चाखायला मिळाली, तर त्यांच्यातील फरक सहज कळतो. वाइनसाठी लागणारी द्राक्षे मात्र यांहून वेगळी, बारीक मण्यांची आणि बियांची असतात, त्यामुळे या बागांमध्ये वाइनची चौकशी करण्यात अर्थ नाही.

दुपारचा वेळ बेदाणा शेडसाठी राखावा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु तो कसा होतो हे जिल्ह्याबाहेरच्या फार थोड्यांनी पाहिलेले असते. खाण्यासाठी जाणाऱ्या मालापेक्षा अधिक गोडी भरलेली, म्हणजे बावीस ब्रिक्सच्या पुढची द्राक्षे यासाठी घेतात. लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल या प्रमाणात द्रावण करून त्यात घड काही मिनिटे बुडवतात. त्यामुळे सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर बाहेर पडते. मग हे घड जाळ्यांच्या मजल्यांवर, थेट ऊन लागणार नाही अशा रीतीने पसरतात आणि पंधरा दिवसांच्या आसपास बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पूर्वेकडे कवठे महांकाळच्या दिशेने हवा अधिक कोरडी असल्यामुळे शेडही तिकडे अधिक दिसतात. बेदाणा हिरवट-पिवळा राहावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. त्या वेळी दम्याचा त्रास असलेल्यांनी शेडमध्ये मुळीच जाऊ नये, इतरांनीही बाहेरूनच पाहावे.

जेवण घरचेच असते. ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर, शेंगदाण्याची चटणी आणि दही असा बेत आम्हाला मिळाला. काढणीच्या दिवसांत घरच्या बायका पहाटेपासून कामात असतात, म्हणून ऐनवेळी वेगळी फर्माईश करू नये आणि किती माणसे जेवणार हे आदल्या दिवशीच कळवावे. दर ठरवताना त्यात जेवण, बागेतला फेरफटका आणि शेडची भेट यांपैकी काय धरले आहे हे स्पष्ट विचारून घ्यावे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होते. अनोळखी ठिकाणी जाताना ही नोंदणी आहे का, एवढे पाहावे.

सांगलीहून तासगाव २५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि एसटीची सोय चांगली आहे. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी कराडहून ताकारी, कुंडल, पलूसमार्गे यावे, म्हणजे वाटेत सागरेश्वर अभयारण्यालाही वळता येते. तासगावात गणपती मंदिर अवश्य पाहावे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकात बांधायला घेतलेल्या या देवळाचे सात मजली गोपुर दक्षिणेकडील बांधणीचे असून, असे आपल्याकडे क्वचितच दिसते. ऋषिपंचमीला येथे रथोत्सव असतो, पण त्या दिवसांत बागेत फळ नसते, त्यामुळे या दोन गोष्टी एका फेरीत साधत नाहीत. द्राक्षांसाठी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत यावे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होऊन वेली उघड्या पडतात आणि ऊनही सोसवत नाही.

घरी न्यायला द्राक्षे घेतली, तर ती वाटेत धुऊ नयेत. खोक्यात कागद घालून एकाच थरात ठेवावीत आणि गाडीच्या डिकीऐवजी पायाशी, सावलीत ठेवावीत. बेदाणा शक्यतो शेडवरूनच घ्यावा, मुठीत दाबून पाहावा, चिकटून गोळा होत असेल तर तो पुरेसा वाळलेला नाही असे समजावे, आणि घरी नेल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा.