अण्णांची पीटीएसडी ट्रीटमेंट आणि रेफरलचा घोळ – माझा अनुभव

आमच्या भागात घरटी एक फौजी आहे, म्हणून हे लिहितेय. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पीटीएसडी म्हणजे युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर मनात घर करून राहणारा आजार.

अण्णा १९९९ ला कारगिलला होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी रात्री ओरडत उठायचे, फटाका वाजला की घामाघूम, एसटीत कायम शेवटची सीट पकडायची कारण पाठीमागे कुणी बसलेलं चालायचं नाही. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लावून दिली, अल्प्राझोलाम, आणि तीच वर्षानुवर्षं चालू. कुणी विचारलंच नाही की झोप का उडते.

ईसीएचएस (माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना) पॅनलवरच्या हॉस्पिटलमधल्या सायकियाट्रिस्ट मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि पीटीएसडीचं निदान केलं. त्या म्हणाल्या की यात आता गोळीच्या आधी थेरपी. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीची २०२३ ची सरकारी गाईडलाईन आहे, त्यात प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरं जाणं), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (त्या घटनेबद्दलचे विचार तपासून बदलणं) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवण हाताळणं) या तीन थेरपींना औषधांपेक्षा वरचं स्थान दिलंय, आणि अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या पीटीएसडीला देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. हे ऐकून मला रडूच आलं, इतकी वर्षं अण्णा नेमकं तेच घेत होते.

आता खरा त्रास. ईसीएचएसच्या स्थानिक दवाखान्याचं, म्हणजे पॉलिक्लिनिकचं, नाव लिहीत नाही, पण तिथून मिळालेल्या रेफरलवर (हॉस्पिटलला पाठवायच्या चिठ्ठीवर) फक्त 'सायकियाट्री कन्सल्टेशन' लिहिलेलं होतं. हॉस्पिटलच्या काउंटरवर मुलगी म्हणाली, यात डॉक्टर भेटतील, थेरपीचे सेशन बसत नाहीत, तिकडून लिहून आणा. तिकडे गेलो तर खिडकीवरचे म्हणाले हॉस्पिटलने मागितल्याशिवाय आम्ही लिहीत नाही. परत हॉस्पिटल, तर ते म्हणे आधी पॉलिक्लिनिकने लिहायला पाहिजे. निव्वळ टोलवाटोलवी. सकाळी लवकर जाऊन टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं, आणि नंबर आला की मेडिकल ऑफिसर आज रजेवर. अण्णा एवढ्या गर्दीत दरवाजाकडे तोंड करून भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, खुर्ची रिकामी असली तरी. मला ते बघवायचं नाही. आणि एकदा तर खिडकीवरचा माणूस सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "नुसतं बोलायचंच आहे ना, मग घरी बोला की, त्याला रेफरल कशाला?" अण्णा काही न बोलता बाहेर गेले आणि घरी येऊन म्हणाले, आता पुन्हा जायचं नाही. ज्या माणसाने बर्फात रात्री काढल्या त्याला हे ऐकून घ्यावं लागलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

सुटलं कसं तर मॅडमनी लेटरहेडवर लिहून दिलं: निदान, थेरपीचं नाव, किती सेशन, आठवड्याला एक, आणि औषधाने हे का भागणार नाही. ते पत्र घेऊन मी खिडकीवर न थांबता थेट ऑफिसर इन चार्ज साहेबांकडे गेले. ते स्वतः रिटायर्ड फौजी, त्यांनी दोनदा वाचलं, मेडिकल ऑफिसरना बोलावलं आणि माझ्यासमोर रेफरल बदलून दिलं. म्हणून सांगते, तोंडी काही मागू नका, पत्रच न्या आणि झेरॉक्सवर इनवर्डचा शिक्का मारून घ्या, शिक्का असला की कुणी 'मिळालंच नाही' म्हणू शकत नाही.

थेरपी सुरू झाल्यावर रेफरलचं पुढचं सगळं सरळ झालं. आमची थेरपी प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर होती. अण्णांनी डोळे मिटून कारगिलची ती एकच रात्र पुन्हा पुन्हा सांगायची, आत्ता घडतेय अशी, ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. मधे मधे थेरपिस्ट विचारणार, भीती शंभरपैकी किती? सुरुवातीला नव्वदच्या खाली येत नव्हती. गोठ्याशेजारी इअरफोन लावून बसायचे, पहिले काही आठवडे चिडचिड उलट वाढली, जेवण कमी झालं. हे होतं, तेव्हा सोडू नका, थेरपिस्टला फोन करा. दुसरा अभ्यास म्हणजे टाळलेल्या गोष्टी करायच्या, त्यात आठवडी बाजार होता, हॉटेलात दाराकडे पाठ करून चहा होता. आकडा हळूहळू उतरत तिशीवर आला. आता एसटीत मधल्या सीटवर बसतात, मला याचा फार अभिमान आहे.

अरे हो, झोपेची गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. जोडीला सरट्रालिन (चिंता-नैराश्यावरची गोळी) चालू आहे. त्यांच्या पलटणीच्या ग्रुपवर पीटीएसडीवर नवा उपाय म्हणून अमेरिकेतल्या एमडीएमए औषधाचे मेसेज फिरत होते, ते तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने २०२४ च्या ऑगस्टमध्ये नाकारलं, त्याच्या नादी लागू नका.

आणि ज्यांना सुरुवात कुठून करायची कळत नाही त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. फौजींसाठी पुण्याला एएफएमसीत (सैन्याचं मेडिकल कॉलेज) डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा वेगळा सेल सुरू झाला, तेही विचारा. रेफरलची मुदत मात्र स्वतः लिहून ठेवा आणि संपायच्या आठवडाभर आधीच नवं मागा, ते आठवण करत नाहीत.